घर मिळाले, पाण्याची वाट कुठे गेली?

(संस्थेच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करणे हा आमचा पेशा नव्हे. आम्ही बँकेतले कारकून. दिवसभर आकडे जुळवावेत आणि संध्याकाळी विरार लोकलला लोंबकळत घर गाठावे, एवढीच आमची धाव. परंतु उपनगरांच्या वाढीवर चार शब्द बोलावेत असा कार्यकर्त्यांचा आग्रह पडला. विषय आपल्या उंबरठ्यापर्यंत आलेला असल्याने नाही म्हणवेना.

प्रथम एक गोष्ट मान्य करू. शहराने आपल्याला पुष्कळ दिले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांचा खरपूस समाचार घेतला होता, तो उगाच नव्हे. गावकुसाबाहेरून आपले वाडवडील मुंबईच्या चाळीत आले. एका खोलीत दोन-दोन कुटुंबांनी दिवस काढले. पुढे मुंबईत जागा परवडेना, तेव्हा आम्ही वसई, नालासोपारा, विरारकडे सरकलो. दारावर स्वतःच्या नावाची पाटी लागली. घर कुठे बांधायचे हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी सांगितले, त्यांच्यासाठी ती पाटी लहान गोष्ट नव्हती. म्हणून ‘इथे इमारती यायलाच नको होत्या’ म्हणणाऱ्यांच्या सुरात आम्ही सूर मिसळणार नाही.

परंतु हिशेबाला दोन बाजू असतात. जमेबरोबर नावेही लिहावे लागते.

वसई म्हणजे केळीच्या बागा, फुले आणि भाजीपाल्याच्या वाड्या. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला समुद्र. मध्ये भातखाचरे, खाजण आणि मिठागरे. डोंगराचे पाणी या सखल जमिनीवर पसरे, भरती ओसरली की खाडीला मिळे. ती जमीन मोकळी दिसत असली तरी रिकामी नव्हती. पावसाळ्यात ती पाणी सांभाळण्याचे काम करीत होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस या पट्ट्यात बांधकामांचा लोंढा आला. वाड्यांतील विहिरींचे पाणी टँकरने इमारतींकडे जाऊ लागले आणि विहिरी खारट होण्याची भीती निर्माण झाली. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीतर्फे लढा दिला. नंतर राहायला आलेल्या आम्हां लोकांना ते गाववाल्यांचे जुने भांडण वाटले. आमची चूक तिथेच झाली.

२००९ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली. माणसे वाढली, भराव वाढले, नाले अरुंद झाले. जुलै २०१८ मध्ये रुळांवर पाणी चढून वसई-विरारची लोकल बंद पडली, मिठागराच्या वस्तीतील लोक पाण्यात अडकले. आपण पावसाला दोष दिला. पाऊस पूर्वीही पडत होता; पाण्याची जागा मात्र आपल्या इमारतींनी घेतली होती.

नळाच्या पाण्याचेही तसेच. आपल्या नळाला सूर्या नदीचे पाणी येते. सूर्या प्रकल्प मुळात पालघर-डहाणूकडील शेतीच्या सिंचनासाठी होता. धामणी धरणासाठी आदिवासींची गावे उठली आणि पाणी मात्र शहरांकडे वळले. १९२७ साली महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी उभ्या राहिलेल्यांचे आपण वारस. दुसऱ्याच्या वाट्याच्या पाण्याबद्दल आपण मुके राहू शकत नाही.

आता सर्वांत दुखऱ्या जागेकडे येतो. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि डंपिंग ग्राउंडसाठी राखीव असलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. न्यायालयाच्या आदेशाने २०२५ च्या आरंभापर्यंत त्या पाडल्या गेल्या आणि दोन हजारांहून अधिक कुटुंबे रस्त्यावर आली. त्यांच्यासारख्याच एक भगिनी आमच्या काउंटरवर पासबुक घेऊन आल्या. खोलीसाठी त्यांनी पगारावर कर्ज काढले होते. त्यांनी विचारले, “भाऊ, खोली तर पाडली, मग हप्ता कसला कापला?” नियमाचे उत्तर आम्हांस पाठ होते. ते ओठांवर आले नाही.

यात दोन घात झाले. गरिबाची पुंजी गेली, आणि जिथे शहराचे सांडपाणी शुद्ध व्हायचे तिथेच माणसे राहायला गेली. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला अनधिकृत चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा बळी गेला. बांधणारा पैसे घेऊन मोकळा होतो, परवानग्यांकडे डोळेझाक करणारेही निसटू पाहतात, आणि ढिगाऱ्याखाली सापडतो तो भाडे परवडत नाही म्हणून तिथे गेलेला कामगार.

मित्रहो, आपण राहतो ते प्राचीन शूर्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले. सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही इथेच सापडले. अन्यत्रच्या आपल्या लेखांत त्याने विहिरी खोदल्याची आणि झाडे लावल्याची नोंद करून ठेवली आहे. त्याने केवळ माणसांचा नव्हे, जनावरांचाही विचार केला. आपण स्तूपाला वंदन करतो आणि परतताना नाल्यात पिशवी टाकतो, हे शोभते काय?

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. घर घेताना केवळ खोलीचा भाव विचारू नका. सातबारा, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि विकास आराखड्यात त्या जमिनीवरील आरक्षण पाहा. २०१७ पासून महारेराची नोंदणीही तपासता येते. दुसरे, आपापल्या सोसायटीत छपरावरचे पाणी जमिनीत मुरवा, विहीर असेल तर उपसून स्वच्छ ठेवा. तिसरे, विद्यार्थ्यांनी वस्तीतील तळी, विहिरी आणि नाले वहीत नोंदवावेत. भराव पडू लागताच आपल्या हाती पुरावा असेल.

आम्ही आणि बँकेतील दोन सहकारी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी विहारात बसू. घराचे कागद घेऊन या, पैसे देण्याआधी या. त्या भगिनी आमच्याकडे आल्या तेव्हा फार उशीर झाला होता. तसा प्रश्न पुन्हा कुणाला विचारावा लागू नये, एवढीच आमची इच्छा.

जय भीम! जय भारत!