घरचा व्यवसाय आणि हिशेबाची वही

(हीरक महोत्सवी वर्षातील व्याख्यानाचे लेखरूप)



लखनौ शहराचे नाव मराठी माणसाच्या कानावर पडते ते बहुधा संगीताच्या संदर्भात. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये तेथे मॅरिस कॉलेज सुरू झाले आणि पुढे पं. श्रीकृष्ण रातंजनकर यांनी प्राचार्य म्हणून ते दीर्घकाळ सांभाळले. आजच्या विषयासाठी मात्र त्याच शहरातील दुसऱ्या एका कलेकडे वळावयाचे आहे. ही कला मैफलीत रंगत नाही; ती घराच्या ओसरीवर, उजेडाच्या बाजूला बसून, स्वयंपाक आणि मुलांची शाळा यांच्या मधल्या वेळात चालते. ती म्हणजे चिकनचे भरतकाम.

चिकनचा कुर्ता विकत घेणाऱ्यास तो एका हाताचा वाटतो. प्रत्यक्षात तो अनेक हातांतून जातो. शिंपी कापड बेततो. छिपी लाकडी ठशांनी त्यावर धुऊन जाणाऱ्या रंगात नक्षी उमटवतो. त्या नक्षीवर भरतकाम होते. टेपची, बखिया, मुर्री, फंदा, जाली अशी टाक्यांची नावे आहेत आणि एकाच कुर्त्यावरचे निरनिराळे टाके निरनिराळ्या हातांचे असू शकतात. शेवटी धोबी ठशाचा रंग धुऊन काढतो, खळ देऊन इस्त्री करतो आणि माल दुकानात येतो. यांतील भरतकाम मुख्यत्वे स्त्रिया करतात, तेही आपापल्या घरी. जुन्या लखनौच्या चौक परिसरात आणि काकोरी, मलिहाबाद यांसारख्या आसपासच्या गावांत ही घरे पसरलेली आहेत.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. ज्या कापडावर ही स्त्री भरते ते कापड तिचे नसते. ते व्यापाऱ्याकडून मध्यस्थामार्फत तिच्याकडे येते आणि काम झाल्यावर परत जाते. तिचे असते ते कौशल्य, वेळ आणि डोळ्यांची ज्योत. दुसऱ्याच्या मालावर केलेल्या अशा कामास आपला वस्तू व सेवा कर कायदाही सेवा असेच मानतो. म्हणजे ती स्त्री मजूर म्हणून ओळखली जात असली, तरी कायद्याच्या भाषेत ती घरातून सेवा पुरविणारी आहे. आपल्याकडे घरी ब्लाउज शिवून देणारी, डबे पुरविणारी, शिकवणी घेणारी, किंवा घरोघर जाऊन पंखे आणि शीतकपाटे दुरुस्त करणारा, या सर्वांची जात एकच आहे. भांडवल थोडे, कामगार बहुधा एकच आणि दुकान म्हणजे घर. म्हणूनच लखनौच्या त्या सुईसमोरच्या अडचणी आपल्याही घरातल्या आहेत.

पहिली अडचण किमतीची. घरात बसून केलेल्या कामाला ‘फावल्या वेळचे काम’ म्हणण्याची रीत आहे आणि या एका शब्दाने कामाची निम्मी किंमत पडते. फावल्या वेळाला भाव नसतो, असे गिऱ्हाईक धरून चालते. दुःखाची गोष्ट ही की घरातली माणसेही तेच धरून चालतात आणि काही दिवसांनी काम करणारी स्त्रीसुद्धा. समजा, एका कुर्त्याच्या भरतकामाला ३०० रुपये ठरले. रक्कम ऐकावयास बरी वाटते. पण रोज तीन तास याप्रमाणे त्या कुर्त्याला दहा दिवस लागले, तर तीस तास झाले आणि एका तासाची मजुरी १० रुपये पडली. हा भागाकार इयत्ता चौथीतला आहे. तो न केल्यामुळे वर्षानुवर्षे त्याच दराने काम होत राहते, कारण नगावर ठरलेला दर तासांना झाकून टाकतो.

दुसरी अडचण वेळेची. घरच्या व्यवसायाला उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ नसते. गिऱ्हाईक रात्री नऊला दार वाजविते, कारण ते ‘घरीच तर आहे’. उलट पाहुणा आला, मूल आजारी पडले, वीज गेली की ठरलेली तारीख चुकते. पांढऱ्या मलमलीवर हळदीचा एक डाग पडला, तर मजुरी कापली जाते. कधी कापडाची भरपाईही अंगावर येते. घर आणि कारखाना एकाच चार भिंतींत असल्याची ही किंमत आहे. ज्यांनी कामासाठी एक कोपरा, एक पेटी आणि दिवसातले ठराविक तास राखले, त्यांचा माल कमी बिघडतो आणि त्यांच्याविषयी गिऱ्हाइकाचा विश्वासही वाढतो.

तिसरी अडचण उधारीची. यासाठी लखनौहून मुंबईच्या गिरणगावात यावे. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात लालबाग-परळमध्ये गावाकडून एकट्याने आलेल्या कामगारांची जेवणे घरगुती खानावळींतून होत. एका खोलीच्या घरात बाई पहाटे उठून भाकऱ्या थापी आणि पाळ्यांप्रमाणे माणसे जेवून जात. कामगार पैसे देत ते पगार झाल्यावर. तोवर धान्य, तेल, रॉकेल उसने आणावयाचे, तेही वाण्याच्या आणि सावकाराच्या व्याजावर. व्यवसाय चालत होता, पण नफा व्याजात वाहून जात होता.

हीच गोष्ट आजच्या आकड्यांत मांडून पाहावी. समजा, एका डब्याला ८० रुपये मिळतात आणि त्यात सामान व गॅस यांचे ५० रुपये जातात. वीस डबे आणि महिन्याचे सव्वीस दिवस धरले, तर पहिला पैसा हाती येण्यापूर्वी २६,००० रुपये घरातून बाहेर गेलेले असतात. हे भांडवल आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. त्याला ते ‘घरखर्चातली ओढाताण’ म्हणतात.

या ओढाताणीवर पहिला मोठा उपाय गिरणगावातच निघाला. गोवा मुक्तिलढ्यातून पुढे आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर लहान माणसाला कर्ज देण्याची जबाबदारी बँकांवर आली होती. मात्र खानावळवालीकडे तारण कोठले? मंडळाने बायकांचे गट केले, त्यांना एकमेकींचे जामीन केले आणि बँकेच्या दारात उभे केले. ज्या बाईचे नाव तोवर फक्त शिधापत्रिकेवर होते, ते आता बँकेच्या पासबुकावर आले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले. पुष्कळ कामगार गावी परतले आणि खानावळींची जेवणारी माणसेच गेली. एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर अवलंबून राहण्याचा धोका यापेक्षा स्पष्ट कोठे दिसणार? मंडळाची चूल मात्र विझली नाही. बाहेरच्या मागणीप्रमाणे जेवण आणि खाद्यपदार्थ पुरविण्याकडे ते वळले. एकट्या बाईला हे वळण घेणे कठीण गेले असते.

चौथी अडचण वाढीची आणि तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. काम वाढले की उत्पन्न वाढते, हे नेहमीच खरे नसते. वरच्याच उदाहरणात एका डब्यामागे ३० रुपये सुटतात. दहा डब्यांना दिवसाचे ३०० रुपये होतात आणि एकटीचे हात पुरतात. पंधरा डब्यांची मागणी आली की मदतनीस ठेवावी लागते. तिला दिवसाला २५० रुपये दिले, तर ४५० मधून २०० उरतात. काम दीडपट झाले आणि मिळकत शंभर रुपयांनी उतरली! अठरा डब्यांनाही २९० रुपयेच उरतात. एकोणिसावा डबा आल्यावर कोठे पूर्वीची मिळकत ओलांडली जाते. पहिल्या मदतनिसाची ही पायरी अनेक घरगुती व्यवसायांना घसरवते. ‘वाढवून पाहिले, परवडले नाही’ असे म्हणून माणसे मागे फिरतात. वास्तविक ती पायरीच्या मध्यावरून मागे फिरलेली असतात. वाढावयाचे असेल, तर पंधरावर रेंगाळू नये. दहावर समाधानाने राहावे, नाहीतर वीस गिऱ्हाइके आधी बोलून ठेवून मगच मदतनीस आणावी.

मदतनिसाबरोबर पाचवी अडचण येते, ती नावाची. गिऱ्हाईक एका हाताच्या चवीवर किंवा एका हाताच्या टाक्यावर विश्वास ठेवून आलेले असते. दुसऱ्या हाताने काम केले की ‘पूर्वीसारखे राहिले नाही’ हे शब्द ऐकू येतात. येथे शिकविणे हाच उपाय. चव मापात उतरवावी लागते, टाका नमुन्यात उतरवावा लागतो आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक नगाची तपासणी कोणीतरी एकाने करावी लागते. मनातले कौशल्य कागदावर आले, तरच ते दुसऱ्याच्या हातात जाते.

लखनौमध्ये या अडचणींना संघटित उत्तर देण्याचा प्रयत्न १९८४ पासून झाला. रूना बॅनर्जी यांच्या पुढाकाराने तेथे सेवा ही संस्था उभी राहिली आणि चिकन भरणाऱ्या स्त्रिया तिच्यात एकत्र आल्या. मध्यस्थाला वगळून कापड घेणे, काम वाटणे, तपासणे आणि प्रदर्शनांतून थेट विकणे अशी वाट संस्थेने धरली. थेट विक्रीचा सर्वांत मोठा लाभ पैशापलीकडचा होता. आपण भरलेला कुर्ता दूरच्या शहरात गिऱ्हाईक किती रुपयांना उचलते, हे भरणारीला कळू लागले. किंमत कळली की प्रश्न विचारता येतो.

त्यानंतर शासनाच्या बाजूनेही काही गोष्टी घडल्या. २००८ मध्ये लखनौच्या चिकनला भौगोलिक मानांकन मिळाले. २०१८ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजना आणली आणि लखनौसाठी चिकनकारी निवडली गेली. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे खरेदीदाराने पैसे ठरल्या मुदतीत द्यावयाचे असतात आणि ती मुदत ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. उशीर झाल्यास व्याज द्यावे लागते. २०१५ पासून मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळू शकते. या तरतुदी मोलाच्या आहेत. परंतु मानांकन नावाचे रक्षण करते, टाक्याच्या मजुरीचे आपोआप करीत नाही. काम दिल्याची चिठ्ठी नाही, तारीख नाही, उद्यम नोंदणी नाही, अशा स्थितीत कायदा दारापर्यंत येऊन परत जातो. त्याला आत घेण्यासाठी कागद लागतो.

म्हणून सर्व अडचणींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: घरातले श्रम वहीत लिहिले जात नाहीत. लखनौची भरणारी असो वा लालबागची खानावळवाली, परिस्थिती पालटली ती श्रमांना आकडा मिळाल्यावर. साध्या वहीत पाच रकाने पुरतात: काम कोणाचे, सामान किती, तास किती, पैसे किती ठरले आणि ते केव्हा आले. तीन महिने ही वही लिहिली, तर कोणते काम नाकारावे, कोणाची उधारी थांबवावी आणि दर केव्हा वाढवावा, हे वहीच सांगते.

मातृभाषेतून शिकलेल्या माणसाला हा हिशेब परका नाही. नफा-तोटा, सरळव्याज, काळ-काम-वेग ही उदाहरणे याच भाषेत सोडविलेली आहेत. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी आज बँकेत आहेत, कोणी हिशेब तपासनीस आहेत. त्यांनी शेजारच्या एका तरी घरगुती व्यवसायाची वही महिन्यातून एकदा पाहून दिली, तर ती मोठी मदत होईल. आणि पालकांनी एक करावे. घरात आई शिवणकाम करीत असेल, डबे देत असेल, तर त्या वहीतला तासांचा रकाना मुलांकडून भरून घ्यावा. बेरीज शिकता शिकता त्यांना हेही कळेल की आईचा तो वेळ फावला नव्हता.