हललेले चित्र पुसू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. परंतु मंडळाच्या कार्यक्रमांचे चित्रण संगणकावर नीट करण्याचे काम माझ्याकडे आहे, तेव्हा त्याविषयीच चार शब्द बोलावेत असे सर्वांनी सुचविले.

हळदीकुंकू असो की भोंडला, आपण मोबाईलवर चित्रण करतो. एका हातात फोन, दुसऱ्या हातात खिरापतीचा डबा. मग चित्र हलणारच. ते पाहताना डोळे दुखतात, आणि पुष्कळजणी ते पुसून टाकतात. माझे सांगणे असे की, पुसण्याची घाई करू नका.

चित्र स्थिर ठेवण्याची काळजी आजची नाही. आपल्याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरी, १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मे १९१३ मध्ये मुंबईस लागला. त्या वेळी त्यांच्याकडे येणाऱ्या कोऱ्या फिल्मला कडेची भोके पाडलेली नसत. ती पाडण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत, तेही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया जाई. शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडे होताच. एका चित्राला प्रत्येक कडेस चार भोके. त्यांत अंतर कमीजास्त झाले, की पडद्यावर चित्र थरथरते.

आता मोबाईलमध्ये फिल्म नाही. तो एका सेकंदात साधारण ३० चित्रे टिपतो. संगणकातील प्रणाली एका चित्रातील ठळक खुणा, म्हणजे खांबाची कड, खिडकीचा कोपरा, पुढच्या चित्रात किती सरकल्या ते पाहते. त्यावरून आपला हात कसा हलला हे तिला कळते, आणि ती प्रत्येक चित्र तेवढेच उलट बाजूस सरकविते. सरकविल्यावर कडेला काळी पट्टी उघडी पडते. ती जावी म्हणून चित्र थोडे मोठे करून कडा कापतात. वेडेवाकडे कातरलेले कापड सरळ करताना बोटभर कापड जाते, तसेच हे.

मी डाव्हिंची रिझॉल्व्ह वापरते. त्याची एक आवृत्ती फुकट मिळते. त्यात ‘स्टॅबिलायझेशन’ उघडले की तीन रीती दिसतात. पहिली ‘पर्स्पेक्टिव्ह’. तिने भिंती किंवा चेहरे वाकडे होऊ लागले तर ‘सिमिलॅरिटी’ घ्यावी, आणि तरीही जमले नाही तर ‘ट्रान्सलेशन’. ‘स्ट्रेंग्थ’ कमी केली की मूळचे हलणे थोडे राहते, पण कडाही कमी जातात.

हे का सांगते, ते ऐका. मंडळातील एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या आपण टिपल्या होत्या. आजी आता नाहीत. चित्रण फार हलत होते. पुरते स्थिर केले तेव्हा आजींचा चेहरा छान दिसू लागला, परंतु जात्याचा खुंटा कडेबाहेर गेला. त्या खुंट्यावर आजींचा आणि त्यांच्या जावेचा, असे दोघींचे हात होते. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, “चित्र थोडं हललं तरी चालेल, पण हात राहू द्या.” मग मी जोर कमी केला. दोघींचे हात राहिले. मूळ चित्रण निराळे जपून ठेवले होते, म्हणूनच हे जमले.

प्रणालीला सगळेच साधत नाही. हात हलल्याने चेहरा पुसट आला असेल तर तो स्पष्ट होत नाही. म्हणून टिपतानाच काळजी घ्यावी. फोन दोन्ही हातांनी धरावा, कोपरे अंगाशी ठेवावीत, भिंतीला पाठ टेकावी. दिवे लावावेत, कारण कमी उजेडात चित्र अधिक पुसट येते. आणि माणसाच्या चारी बाजूंना थोडी जागा सोडावी, म्हणजे कडा कापल्या तरी हात आणि माणसे जात नाहीत.

घरी आई, सासूबाई, आत्याबाई असतील, तर त्यांची गाणी, त्यांच्या कामाच्या रीती यंदाच टिपून ठेवा. चित्र हलले तर माझ्याकडे घेऊन या. दुपारी मी घरीच असते.