धर्माचा रकाना



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. भाषण करायची सवय नाही. ऑफिसात बोलतो ते स्क्रीनवर काहीतरी दाखवत बोलतो, आज मागे स्क्रीन नाही, म्हणून चार कागद लिहून आणलेत. आपल्या ताईंनी विषय दिला, ‘परदेशात राहून धर्माकडे कसं पाहतोस’. त्यावर मी फोनवर म्हणालो, की मी काही अभ्यासक नाही. त्या म्हणाल्या, अभ्यासक भरपूर आहेत, तू जे घडलं ते सांग. तेव्हा घडलं तेवढंच सांगतो.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. इंजिनिअरिंग सांगलीत केलं, काही वर्षं हिंजवडीत काढली आणि २०१५ साली म्युनिकला गेलो. जर्मनीत गेल्यावर पहिलं काम म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंदणी. त्याशिवाय बँकेचं काम होत नाही, पगार सुरळीत होत नाही. त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. मला त्याचं काही वाटलं नाही. आपल्याला जन्मापासून सवय आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म, जात, सगळं व्यवस्थित लिहिलेलं असतं. मी ठळक अक्षरात ‘इस्लाम’ लिहिलं. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म पाहिला आणि सांगितलं, हे नोंदवायची गरज नाही, आम्हाला फक्त कर असलेले धर्म लागतात.

भानगड अशी, की तिथं कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चच्या सदस्यांकडून सरकारच चर्चसाठी कर वसूल करतं. बव्हेरियात तो आयकराच्या ८ टक्के आहे, बहुतेक राज्यांत ९. बहुतेक मुस्लिम संस्थांना कायद्याने तो दर्जा नाही, त्यामुळे कर नाही, आणि कर नाही म्हणून नोंदही नाही. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा सरकारदरबारी माझा धर्म कोरा होता. बाहेर पडताना मला जरा हलकं वाटलं, आणि ट्रामच्या थांब्यापर्यंत पोचेतो जरा वाईटही वाटलं. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

माझ्यासोबत वसईचा एक मित्र होता. त्याने अभिमानाने ‘कॅथलिक’ लिहिलं आणि महिनाअखेरीस पगाराच्या स्लिपवर कपात पाहून मला फोन केला. वसईत तो चर्चला देतच होता, पण मनाने. इथं न विचारता कापले म्हणून भडकला. यातून बाहेर पडता येतं, सरकारी कार्यालयात जाऊन चर्च सोडल्याचं लिहून द्यायचं. पण तसं केलं तर जर्मनीतलं कॅथलिक चर्च संस्कार नाकारतं, तसा तिथल्या बिशपांचा २०१२ चा आदेशच आहे. त्याला मुलाचा बाप्तिस्मा करायचा होता. तो अजून कर भरतो आणि दर महिन्याला मला ऐकवतो.

हे मी एवढ्यासाठी सांगितलं, की युरोपात धर्म आणि सरकार यांची पक्की फारकत झालेली आहे अशी माझी समजूत होती. निदान बव्हेरियात तरी तसं नाही. गुड फ्रायडेला तिथं सार्वजनिक ठिकाणी नाचगाण्याला कायद्याने बंदी आहे. रविवारी दुकानं बंद. १५ ऑगस्टला म्युनिकमध्ये सुट्टी असते, मेरीच्या स्वर्गारोहणाची. मी त्या दिवशी घरी बसून मोबाईलवर लाल किल्ल्यावरचं भाषण ऐकतो. २०१८ पासून राज्य सरकारच्या कार्यालयांच्या दारात क्रूस लावायचा नियम आहे. माझ्या मुलीच्या वर्गातही क्रूस आहे. पहिल्या दिवशी बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग मला आमची जिल्हा परिषदेची शाळा आठवली. राज्यघटनेचं कलम २८ सांगतं, की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. आणि आमच्याकडे दर वर्षी सरस्वतीपूजन व्हायचं, ज्यात नारळ फोडायचं काम माझ्याकडे असायचं, कारण एका फटक्यात फुटायचा. मला त्यात तेव्हा काही खटकलं नाही. खटकायला हवं होतं का? तुम्ही मला सांगा.

आता मशिदीबद्दल. म्युनिकच्या उत्तरेला फ्राइमान भागात १९७३ साली उघडलेली मशीद आहे, मिनार असलेली. पण शहरात रोजच्या वापरातल्या बऱ्याच मशिदी कुठल्यातरी इमारतीच्या मागच्या अंगणात, कधी गोदाम असलेल्या जागेत आहेत. बाहेरून पाहिलं तर भाजीचं दुकान. ऑफिसजवळची मशीद तुर्कांची. जर्मनी आणि तुर्कस्तानचा कामगार आणण्याचा करार १९६१ चा, तेव्हापासून ही मंडळी तिथं आहेत. तिथलं बयान तुर्की भाषेत. मला एक शब्द कळत नव्हता, तरी मी दर शुक्रवारी गंभीर चेहऱ्याने बसायचो. मग लक्षात आलं, गावाकडेही अरबी खुतब्यातलं मला कुठं काही कळत होतं? तिथं न कळणं ओळखीचं होतं, एवढाच फरक.

२०१६ चा रमजान जूनमध्ये आला. तिथं जूनमध्ये सूर्य सव्वानऊच्या पुढे मावळतो. रोजा जवळजवळ अठरा तासांचा. अम्मा रोज फोन करून विचारायची, सोडलास का? तिची इफ्तारी होऊन, तरावीह होऊन ती झोपायला निघालेली असायची, आणि माझ्याकडे ऊन असायचं.

हीच अम्मा २०२३ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे आली. वय एकसष्ट. पाच वेळची नमाज कधी चुकवलेली नाही. एका शुक्रवारी मी तिला म्हणालो, चल मशिदीत. तिला वाटलं बाहेर गाडीत बसायचं. मी तिला अशा मशिदीत नेलं जिथं बयान जर्मनमध्ये होतं आणि बायकांसाठी जागा आहे. दारात ती थबकली. चपला हातात घेऊन दोन मिनिटं उभी राहिली. एक बोस्नियन आजी आतून आली, तिने भाषा न बोलता अम्माचा हात धरला आणि आत नेलं.

नमाज झाली. मी बाहेर वाट पाहत होतो. अम्मा आली, काही बोलली नाही. भुयारी रेल्वेत बसल्यावर तिने आमच्या घरच्या बोलीत विचारलं, “मेरेकू इत्ते साल कोन रोक्या था रे?”

मला उत्तर देता आलं नाही. आमच्या गावातल्या मशिदीत बायका जात नाहीत असं कुणी कधी फलक लावून सांगितलेलं नाही. जात नाहीत म्हणून जात नाहीत. आजी गेली नाही, आई गेली नाही. मी लहानपणी अब्बांचं बोट धरून आत जायचो आणि अम्मा घरी राहायची, यात मला काही वावगं दिसलंच नाही. तुम्हाला माहीत आहे, २०१९ साली आपल्या पुण्यातल्याच एका दांपत्याने बायकांच्या मशीदप्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. पुढच्या वर्षी पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्र दिलं, की धर्मात बायकांना मशिदीत नमाज पढायला मनाई नाही. ही बातमी मी म्युनिकमध्ये चहा पिता पिता वाचली होती. वाचून फोन खाली ठेवला आणि कामाला लागलो. त्या बातमीचा माझ्या आईशी संबंध आहे हे मला तेव्हा सुचलं नाही.

तर तुम्ही म्हणाल, सोपं आहे. धर्म बाजूला काढायचा, गावच्या सवयी बाजूला काढायच्या, आणि सवयी फेकून द्यायच्या. मलाही त्या आठवड्यात असंच वाटलं होतं. पण जुलैत मोहरम आला.

आमच्या जिल्ह्यातल्या कडेगावचे ताबूत तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. कळकाचे, गगनाला भिडणारे. त्यात हिंदू घराण्यांचेही ताबूत आहेत, मानपान आहेत, आणि ताबुतांच्या भेटीला सगळी पंचक्रोशी लोटते. अम्मा त्या वर्षी पहिल्यांदा तिथं नव्हती. तिने मोबाईलवर लाइव्ह लावलं होतं आणि नेमका माझा एक अरब सहकारी घरी आलेला. भला माणूस, मुलीसाठी खजूर घेऊन आला होता. त्याने ढोल ऐकला, तो उंच डोलारा पाहिला आणि शांतपणे म्हणाला, “हा इस्लाम नाही.” अम्माला इंग्रजी कळत नाही, पण सूर कळला. तिने फोन उलटा करून ठेवला.

मला त्याचा फार राग आला. आणि रात्री झोपताना लक्षात आलं, की त्याची कसोटी आणि माझी कसोटी एकच आहे. ग्रंथात आहे का? नाही, मग सोडा. बायकांना मशिदीबाहेर ठेवणं मी याच चाळणीतून गाळत होतो, आणि तो ताबूत गाळत होता. शिरखुर्मा गेला, चोंगे गेले, दर्ग्यातला मलिदा गेला, संदल, उरूस गेला. आमच्या वाळवा तालुक्यात गोटखिंडीला मशिदीत गणपती बसतो, तो तर पहिल्याच फटक्यात गेला. मग मागे उरतो तो कोण? जगात कुठंही चालेल असा मुसलमान, ज्याला गाव नाही. मला तसं व्हायचं नाही. म्हणून ग्रंथात नाही एवढ्या कारणाने मी काही टाकत नाही. कुणाला बाहेर ठेवलं जातं का, कुणाचा हात झिडकारला जातो का, हे पाहतो. कडेगावात माणसं आत येतात. आमच्या मशिदीत आई बाहेर राहते. माझ्यापुरता हिशोब असा आहे. अभ्यासकांना तो कच्चा वाटेल.

जाता जाता दुसऱ्या बाजूचंही सांगतो, नाहीतर सगळं खापर मुसलमानांवर फोडल्यासारखं होईल. तिथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवाला आम्ही जातो. दर वर्षी कुणीतरी नवीन भेटतं, नाव ऐकतं आणि म्हणतं, “अरे वा, तुमचं मराठी किती छान आहे!” मी म्हणतो, तुमचंही छान आहे. काही जण हसतात. काहींना कळत नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये मुलीचा पहिलीचा प्रवेश होता. पुन्हा फॉर्म. जर्मन राज्यघटनेच्या कलम ७ प्रमाणे धर्मशिक्षण हा सरकारी शाळेत नियमित विषय आहे. आई-बापांनी निवडायचं. कॅथलिक, प्रोटेस्टंट, नाहीतर नीतिशास्त्र. बव्हेरियात २०२१ पासून काही शाळांत ‘इस्लामी शिक्षण’ हाही पर्याय आहे, सरकारने नेमलेले शिक्षक, जर्मन भाषेत. आमच्या शाळेत तो होता. बायको म्हणाली, नीतिशास्त्र घे, धर्म घरी शिकवू. मी विचारलं, घरी कोण शिकवणार, तू की मी? दोघंही गप्प बसलो. फॉर्म तीन दिवस फ्रिजवर चिकटलेला होता. तिची भीती मला कळत होती. पोरीला वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत पाठवायचं, सहाव्या वर्षी. पण तिथं वर्गातली सगळीच मुलं त्या तासाला उठून कुठंतरी जातात. शेवटी आम्ही इस्लामवर खूण केली. बायकोचं समाधान अजून पूर्ण झालेलं नाही, हे इथं सांगायची तिची परवानगी घेतली आहे.

त्या वर्गात तुर्की, बोस्नियन, अफगाण, अरब अशी मुलं आहेत. बाईंनी प्रत्येकाला विचारलं, तुमच्या घरी ईद कशी असते? आमची म्हणाली, दादी शिरखुर्मा करते आणि शेजारच्या सगळ्या काकूंकडे डबे जातात, दिवाळीला ते डबे फराळाने भरून परत येतात. बाईंनी फळ्यावर दोन रकाने केले होते. धर्मातलं आणि घरचं. डबे घरच्या रकान्यात गेले. घरी येऊन तिने हे सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलं, आणि तेव्हापासून दोन महिने आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला रकाना. उजव्या हाताने जेवणं? मेंदी? टोपी? एके दिवशी तिने विचारलं, “दादी गावात मशिदीत जात नाही, ते कुठल्या रकान्यात?”

मी अम्मालाच फोन लावून दिला. म्हटलं, विचार तिलाच. अम्मा बराच वेळ हसली. मग मला फोनवर घेतलं आणि म्हणाली, की तिने मशिदीच्या ट्रस्टींना विचारलंय. एकटी गेली नव्हती, गल्लीतल्या तिघी सोबत होत्या. ट्रस्टी म्हणाले, मनाई काही नाही, पण जागा कुठंय? मागे एक खोली आहे, त्यात जनरेटर, मंडपाचे बांबू आणि जुनी पायपुसणी ठेवलेली असतात. अम्मा म्हणाली, ती खोली मी जाऊन पाहिली. दहा बाय बारा आहे. भिंतीला ओल आहे, चुना मारावा लागेल. पंधरा बायका बसतील.