पहिल्या मीटिंगला जाताना

दारू सुटावी असं मनापासून वाटतं, पण एकट्यानं जमत नाही, अशांसाठी १९३५ साली अमेरिकेत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, सुरू झाली. आज महाराष्ट्रातही तिच्या मीटिंग भरतात. फी नाही, पूर्ण नाव सांगायची सक्ती नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट.

मीटिंगचा पत्ता जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात विचारा. सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइनही मार्गदर्शन करते.

पहिल्या दिवशी मागच्या खुर्चीवर बसून नुसतं ऐकलंत तरी चालतं. कुणी उलटतपासणी घेत नाही. जो तो आपलीच गोष्ट सांगतो. ऐकता ऐकता ‘अरे, हे तर माझंच’ असं वाटून जातं, आणि माझ्या मते खरी मदत तिथूनच सुरू होते. एका गटात मन रमलं नाही, तर दुसरा पाहा.

एक मात्र कळकळीनं सांगते. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकाएकी बंद करू नये. फिट येऊ शकते, भ्रम होतो, जिवावरही बेततं. आधी डॉक्टरांना भेटा.

घरच्यांसाठी अल-ॲनॉनचे वेगळे गट आहेत. घरातला माणूस अजून पीत असला, तरी त्यांनी तिथे जरूर जावं.