ताळेबंद वाचण्याची विद्या



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने चार शब्द बोलण्याचा मान मला दिल्याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. मी हिशेबतपासणीच्या व्यवसायातला माणूस. कंपन्यांचे वित्तीय अहवाल आणि ते ज्या आंतरराष्ट्रीय लेखामानकांच्या आधारे लिहिले जातात त्यांचा अभ्यास, हा आजचा माझा विषय. तो रूक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु सिल्वासात तरी तो केवळ हिशेबनिसांचा विषय राहिलेला नाही. करसवलतींच्या आधाराने या प्रदेशात औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या आणि शेतावर जाणारी माणसे कारखान्याच्या पाळीवर जाऊ लागली. ज्या कंपनीवर घराची चूल पेटते, तिचा ताळेबंद त्या घरातील कोणालाही वाचता येऊ नये, ही स्थिती चांगली नव्हे. ती पालटावी, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

या मानकांचा गाभा समजावून घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. तो आपल्याच प्रदेशाच्या इतिहासात सापडतो. १७७९ च्या तहाने पेशव्यांनी पोर्तुगीजांना सालीना बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे देऊ केली आणि १७८३ मध्ये नगर हवेलीची गावे त्यांच्याकडे गेली. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. पुढच्या वर्षी पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. तेव्हा एक मूलभूत प्रश्न उभा राहिला : पेशव्यांनी दिले होते ते काय? गावांचा वसूल, की गावांवरील स्वामित्व? १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने सनदांची भाषा तपासून म्हटले की, मराठ्यांनी दिला होता तो सरंजाम, म्हणजे वसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे. पोर्तुगीजांच्या सार्वभौमत्वाला मान्यता मिळाली ती पुढे इंग्रजांच्या काळात.

वसूल घेणारा आणि मालक हे नेहमी एकच नसतात. दस्तऐवजावरील नाव न पाहता व्यवहाराचा आशय पाहावा, ताबा कोणाचा, लाभ कोणाचा आणि जोखीम कोणाची हे विचारावे, हेच आंतरराष्ट्रीय लेखामानकांचे मुख्य सूत्र आहे. येथील एखाद्या सूत कारखान्याच्या गोदामात ढिगांनी माल रचलेला असतो. पण तो दुसऱ्या कंपनीने जॉबवर्कसाठी पाठविलेला असेल, तर गोदाम आपले असूनही माल आपला नव्हे. त्या मालाची किंमत ताळेबंदात धरता येत नाही आणि विक्री म्हणून दाखवायची ती केवळ मजुरी. उलट, दहा वर्षांच्या करारावर घेतलेले गोदाम मालकीचे नसले, तरी ते वापरण्याचा हक्क आता मालमत्तेत आणि भाडे देण्याचे ओझे देण्यांत दाखवावे लागते. भारतात १ एप्रिल २०१९ पासून हा नियम आला. तोपर्यंत असे बहुतेक करार नफा-तोटा पत्रकात केवळ भाड्याची एक ओळ होऊन राहत असत.

ही मानके जगाने एका दिवसात स्वीकारली नाहीत. १९७३ मध्ये लंडन येथे त्यांच्यासाठी समिती स्थापन झाली. तिच्या जागी २००१ मध्ये आजचे मंडळ आले. एका सामाईक भाषेची गरज किती होती, हे १९९३ मध्ये डाइम्लर-बेंझ या जर्मन कंपनीने दाखवून दिले. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात प्रवेश करताना तिने त्या वर्षीचा हिशेब दोन पद्धतींनी मांडला. जर्मन नियमांनी सुमारे ६१ कोटी मार्क नफा, तर अमेरिकन नियमांनी सुमारे १८४ कोटी मार्क तोटा! कारखाने तेच, मोटारी त्याच, वर्षही तेच. २००५ पासून युरोपीय संघातील नोंदणीकृत कंपन्यांनी आंतरराष्ट्रीय मानके स्वीकारली. भारताने ती जशीच्या तशी न घेता, काही फेरफार करून, ‘इंड एएस’ या नावाने फेब्रुवारी २०१५ मध्ये अधिसूचित केली आणि ५०० कोटी रुपये वा त्याहून अधिक नक्त मूल्याच्या कंपन्यांना १ एप्रिल २०१६ पासून बंधनकारक केली.

विद्यार्थिमित्रांनो, मानके पाठ केली म्हणजे अहवाल वाचता येतो, असे मात्र समजू नका. कारण या मानकांनी आकड्यांत निर्णयाला मोठी जागा दिली आहे. डिसेंबर २०१८ अखेरच्या तिमाहीत टाटा मोटर्सने जग्वार लँड रोव्हरच्या मालमत्तेचे मूल्य सुमारे २७,८०० कोटी रुपयांनी कमी केले आणि भारतीय उद्योगाने तोवर न पाहिलेला तिमाही तोटा जाहीर झाला. त्या तिमाहीत एवढी रोकड तिजोरीतून बाहेर गेली होती काय? नाही. आधी खर्च झालेल्या पैशातून पुढे जे मिळेल असे वाटत होते, ते मिळणार नाही, असा निर्णय व्यवस्थापनाने घेतला होता. तो आकडा समजावयाचा तर त्यामागची गृहीते वाचावी लागतात.

याहून जवळचे उदाहरण आलोक इंडस्ट्रीजचे. या कापड कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय आपल्याच सिल्वासाचे. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने दिवाळखोरी कायद्याखाली नेण्यासाठी निवडलेल्या पहिल्या बारा मोठ्या कर्जखात्यांत तिचा समावेश होता. वित्तीय धनकोंचे दावे सुमारे २९,५०० कोटी रुपयांचे होते. २०१९ मध्ये मंजूर झालेली योजना सुमारे ५,०५० कोटींची होती. शंभर रुपयांमागे सतराच्या आसपास! कारखान्याचे भोंगे वाजत असतात, ट्रक भरत असतात, तेव्हा कर्जाचा डोंगर फाटकाबाहेरून दिसत नाही. तो दिसतो ताळेबंदात. व्यवसाय पुढे चालू राहील की नाही याविषयी गंभीर शंका असेल, तर ती उघड करावी, असे मानक सांगते. परंतु उघड केलेले वाचणारा कोणी असला पाहिजे.

मानकांनी प्रामाणिकपणा निर्माण होत नाही, हेही सांगितले पाहिजे. ‘सत्यम’ न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदलेली कंपनी होती. ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनीच पत्र लिहून कबूल केले की, ताळेबंदातील ५,०४० कोटी रुपयांची रोख व बँक शिल्लक अस्तित्वातच नव्हती. खोटी शिल्लक कोणत्याही मानकाखाली खोटीच. म्हणून वाचकाने श्रद्धेने नव्हे, तर चौकसपणे वाचावे.

तो कसा वाचावा? अहवालाच्या आरंभीची रंगीत चित्रे आणि अध्यक्षांचे मनोगत शेवटी वाचा. प्रथम लेखापरीक्षकांचा अहवाल उघडा. नोंदणीकृत कंपन्यांच्या बाबतीत त्यांना कोणत्या बाबींची विशेष तपासणी करावी लागली, हे त्यात असते. मग टिपांमध्ये जा आणि व्यवस्थापनाने कोठे कोठे अंदाज केले आहेत ते शोधा. त्यानंतर नफ्याशेजारी रोखप्रवाह विवरण ठेवा. नफा वर्षानुवर्षे वाढतो आणि व्यवसायातून येणारी रोकड मात्र वाढत नाही, असे दिसले, तर पैसा मालात अडकला की उधारीत, हे विचारा. अखेरीस कर्ज किती आणि ते कधी फेडावयाचे आहे, हे पाहा. यासाठी दहावीचे गणित पुरते. चिकाटी मात्र लागते.

येथील वाणिज्य पदवीधर आज मोठ्या संख्येने संगणकावर व्हाउचर नोंदविण्याच्या कामावर बसतात. ते काम प्रतिष्ठेचेच आहे. परंतु कोणता माल आपला, कोणते देणे आपले, कोणते मूल्य घटले, हे ठरविणारी माणसे दूरच्या शहरांतून यावीत आणि आपल्या मुलांनी केवळ ठरलेले आकडे टंकित करावेत, यात मला समाधान नाही. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेकजण कारखान्यांत, बँकांत आणि हिशेबतपासणीत आहेत. वर्षातून एक रविवार काढा आणि आपल्या परिसरातील एका कंपनीचा प्रसिद्ध झालेला अहवाल अकरावी-बारावीच्या मुलांबरोबर पहिल्या टिपेपासून शेवटच्या टिपेपर्यंत वाचा. हे अहवाल सार्वजनिक असतात. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

या भूमीच्या कपाळी वसूल लिहिला की स्वामित्व, हे सनदेतील शब्द नीट वाचल्याने उलगडले. तेवढ्याच काळजीने येथील मुलांनी ताळेबंद वाचावेत.