तिनं हातात गज घेतला तेव्हा

आम्ही बचत गटांचं काम बघणाऱ्या बाया. एरवी या वेळेला आम्ही हप्ते, व्याज, बँकेचे कागद, पापड-कुरडयांची विक्री असलं काही बोलतो. आज सिनेमाविषयी बोलणार आहोत, आणि तेही भीतीच्या सिनेमाविषयी. हसू नका, विषय शेवटी आपल्याच उंबऱ्यात येतो.

झालं असं की, एका गावच्या बैठकीला एक भाऊ आले. भले माणूस आहेत, गटाला समाजमंदिराची किल्ली तेच देतात. म्हणाले, "ताई, पोरी मोबाईलवर काय बघतात ते बघा जरा. पूर्वी सिनेमातली बाई रानात सापडली की रडायची, देवाचा धावा करायची. आता ती गज घेऊन डोकी फोडते आणि वर सिगारेट ओढते. असल्या नट्या बघून पोरींना काय वळण लागणार?"

आम्ही म्हटलं, न बघता कसं सांगणार? मग तीन बैठका असं केलं की बचत गोळा झाली, वहीवर सह्या झाल्या, की एका ताईच्या घरी टीव्हीसमोर बसायचं. पोरींनीच सिनेमे निवडून दिले.

पहिला बघितला 'लपाछपी'. मराठी, २०१७ सालचा, विशाल फुरिया यांनी काढलेला. पूजा सावंत त्यात आठव्या महिन्याची गरोदर बाई आहे. नवऱ्याच्या डोक्यावर कर्ज, म्हणून दोघं उसाच्या शेतातल्या एका एकट्या घरात येऊन लपतात. घर सांभाळणारी तुळसाबाई झाली आहे उषा नाईक. उसात पोरं लपाछपी खेळतात, पण ती पोरं जिवंत नाहीत. आणि सगळ्या भुताटकीच्या मुळाशी काय, तर मुलगी नको म्हणून केलेले खून. याच दिग्दर्शकानं २०२१ मध्ये हाच सिनेमा हिंदीत 'छोरी' नावानं केला.

बघताना बाया आधी ओरडल्या, मग गप्प झाल्या. कारण भूत उसातलं असलं तरी गोष्ट केळीच्या बागेतलीही होऊ शकते. २०११ च्या जनगणनेत आपल्या राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, आणि आपला जळगाव जिल्हा त्याच्याही बराच खाली होता. गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा १९९४ चा आहे. म्हणजे कायदा होऊन सतरा वर्षं झाली होती, तरी पोरी कमी. भिंतीला टेकून बसलेली एक मावशी म्हणाली, "रानाचं काय भ्या वं? रानात आम्ही पहाटे पाचला कापूस वेचायला जातो. साप निघतो, कधी बिबट्या दिसतो. पण आजवर रानानं कोणाची पोर मारली नाही. ती घरात मेली."

दुसरा सिनेमा 'बुलबुल', २०२० चा, अन्विता दत्त यांचा. जुन्या काळातलं बंगालमधलं जमीनदाराचं घर. लहानपणी लग्न करून आणलेली सून. नवरा संशयानं तिचे पाय ठेचून काढतो, आणि अंथरुणाला खिळलेल्या तिच्यावर दीर अत्याचार करतो. त्यानंतर जंगलात एक चेटकीण हिंडू लागते. तिचे पाय उलटे. ज्यांनी बायकांना छळलं, तेच पुरुष मरतात.

ही गोष्ट बघून साक्री भागातली एक ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "उलटे पाय जन्मतः नव्हते तिचे. ते केले." मैत्रिणींनो, सातपुड्याच्या पाड्यांवर अजूनही एखाद्या एकट्या बाईला, विधवेला डाकीण म्हणतात. गावात पोर आजारी पडलं की बोट तिच्याकडे. मग मारहाण, गावाबाहेर काढणं. यासाठी २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सिनेमातली डाकीण माणसं मारते. खऱ्या गावात डाकीण म्हटलेली बाई मार खाते. एवढा फरक लक्षात ठेवा.

तिसरा सिनेमा 'एनएच १०', २०१५ चा, नवदीप सिंग यांचा. यात भूत नाही, पण भीती सगळ्यात जास्त. अनुष्का शर्मा शहरातली नोकरी करणारी बाई. नवऱ्याबरोबर गाडीनं फिरायला निघते. वाटेत ढाब्यावर एका जोडप्याला फरपटत नेताना दिसतं. मुलीनं मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून तिचाच भाऊ तिला मारतो. हे बघितलं म्हणून मग ते लोक या दोघांच्या मागे लागतात. ती पळते, पोलिसाकडे जाते, तर पोलीसही त्यांच्याच बाजूचा. नवरा मरतो. शेवटी ती त्यांच्या गावात जाऊन एकेकाला मारते. गज हातात घेते. सिगारेट पेटवून बसते. ते भाऊ म्हणत होते ती हीच.

सिनेमा संपला तशी एक ताई फटकन म्हणाली, "बेस करं तिनी!" बाकीच्या हसल्या. तिच्या शेजारची मात्र हसली नाही. हळूच म्हणाली, "मना हात बी शिवशिवतस." तिच्या मनगटावर निळं वळ होतं. सगळ्यांना माहीत होतं ते कशाचं. इतके महिने आम्ही सह्या घेत होतो त्याच हाताच्या, आणि विचारलं नव्हतं.

आता भाऊंच्या प्रश्नाचं उत्तर देताना ही बाई समोर ठेवून द्यावं लागतं. सिनेमा बघून ती बिघडली नाही. तिच्या मनात ते आधीच होतं. २०१९ ते २१ च्या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या दर चार बायकांपैकी साधारण एकीनं सांगितलं की नवऱ्याकडून मार किंवा छळ सोसला आहे. त्या काही भीतीचे सिनेमे बघून आल्या नव्हत्या.

पण "बेस केलं" म्हणून आम्हालाही मोकळं होता येईना. म्हणून पुढच्या बैठकीत आम्ही कायदा वाचला. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वतःच्या बचावाविषयी आहेत. जिवावर बेतलं, बलात्काराचा प्रयत्न झाला, अॅसिड टाकायला कोणी आलं, तर बाईनं केलेला उलटा वार हा गुन्हा नाही, अगदी समोरचा मेला तरी. पण दोन मर्यादा आहेत. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर कायदा हातात घ्यायचा नाही. म्हणजे पळताना केलेला वार बचाव आहे. समोरचा लोळागोळा होऊन पडल्यावर, शांतपणे सिगारेट संपवून घातलेला गज, तो सूड आहे. सिनेमातल्या बाईनं दोन्ही केलं. पहिल्याबद्दल तिला कोणी नावं ठेवू नयेत. दुसऱ्याबद्दल आपण विचार करायला हवा.

कोणी म्हणेल, पोलीसच ऐकत नसतील तर? हेही घडलं आहे, सिनेमात नव्हे, आपल्या राज्यात. १३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात कस्तुरबानगर वस्तीतल्या बायांच्या जमावानं अक्कू यादव या गुंडाला ठार केलं. त्यानं वर्षानुवर्षं वस्तीतल्या बायांवर अत्याचार केले, आणि तक्रारी करून दाद लागली नाही, असं वस्तीचं म्हणणं होतं. पुढे २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. २०२१ मध्ये याच घटनेवरून 'दोनशे हल्ला हो' हा सिनेमा आला, त्यात अमोल पालेकर आणि रिंकू राजगुरू आहेत. त्या बायांना दोष द्यायला आमची जीभ वळत नाही. पण दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या त्यांनीच चढल्या, आणि ज्यांनी वेळेत तक्रार घ्यायची होती ते घरी बसले, हेही खरं.

हे ऐकून निळ्या वळाची ताई म्हणाली, "त्या दोनशे होत्या. मी एकटी शे."

त्या संध्याकाळी आम्ही दहाजणी तिच्या दारात गेलो. हातात काही नव्हतं. ओट्यावर बसलो, पाणी मागितलं, आणि तिच्या नवऱ्याला सांगितलं की दर मंगळवारी येत जाऊ. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन संरक्षण अधिकाऱ्याकडे गेलो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज दिला. या कायद्यानं तिला राहत्या घरातून कोणी बाहेर काढू शकत नाही. सगळं ठीक झालं असं सांगणार नाही. तारखा चालू आहेत. पण हात उचलणं थांबलं आहे.

गोष्ट इथं संपवली असती तर आमचंच कौतुक झालं असतं. पण परत येताना ती भिंतीला टेकून बसणारी मावशी म्हणाली, "आज दहाजणी गेलात, चांगलं केलं. दोन वर्षांपूर्वी हंडा आणायलाही दहाजणीच गेला होतात."

आमची मान खाली गेली. दोन वर्षांपूर्वी एका बाईचे तीन हप्ते थकले होते. बँकेत गटाचं नाव खराब होईल म्हणून आम्ही तिच्या घरी गेलो. ती रडत होती, पोरं दाराआड उभी होती. आम्ही तिच्या आईनं लग्नात दिलेला पितळी हंडा उचलून आणला. गल्ली बघत होती. तेव्हा आम्ही एकमेकींना काय सांगितलं? करावंच लागलं.

'एनएच १०' च्या शेवटी त्या गावची सरपंच अम्माजी येते, दीप्ती नवल. तिनं इज्जतीपायी पोटच्या पोरीला मारू दिलं. ती म्हणते, जे करायचं होतं ते करावंच लागलं. आणि नायिका, जिनं तिचा मुलगा मारला, तीही तेच उत्तर तिला परत देते. दोघी एकच वाक्य बोलतात. आमच्या मते घसरण ती तिथं. गज धरला म्हणून नाही, रक्त सांडलं म्हणून नाही, सिगारेट ओढली म्हणून तर मुळीच नाही. ज्या वाक्यानं आपल्याला चिरडलं तेच वाक्य आपल्या तोंडात येतं, तेव्हा. लपाछपीतली तुळसाबाई काय, घरातली सासू काय, आणि हप्त्यासाठी हंडा उचलणाऱ्या आम्ही काय, सगळ्या तेच बोलतो.

तेव्हा भाऊ, पोरींना सिनेमा बघू द्या. पण एकटीनं, गोधडीत तोंड खुपसून नको. सोबत बसा आणि संपल्यावर विचारा, की तिनं कुठवर बरोबर केलं, आणि कुठून चुकली? आमच्या पोरी आमच्यापेक्षा नेमकं बोलल्या.

आणि ज्या ताईचे हात शिवशिवत असतील, तिनं आधी १८१ ला फोन लावावा, ती महिलांची मदतवाहिनी आहे. जिवावर बेतलं तर ११२. आणि मंगळवारच्या बैठकीत सांगावं. आम्ही यापुढे सही घेताना हात बघणार आहोत.

हंड्याचं सांगायचं राहिलं. तो दोन वर्षं समाजमंदिराच्या कपाटात पडून होता, विकायला कोणाचा जीव झाला नव्हता. चिंचेनं घासून आम्ही तो परत नेऊन दिला. थकलेला हप्ता तिनं छोट्या तुकड्यांत भरायचं ठरलं. ती आम्हाला काही बोलली नाही. हंडा घेतला, आत ठेवला, दार लावून घेतलं. पुढच्या बैठकीला मात्र ती आली, आणि मागे बसली. तेवढं पुष्कळ आहे.

येतो आम्ही. राम राम.