चुन्याची निवळी आणि नाताळचा तमाल

एखाद्या लोकांचा सण समजून घ्यावयाचा असेल, तर देवळाच्या दाराइतकेंच त्यांच्या स्वयंपाकघराकडेहि लक्ष दिलें पाहिजे. देवळांत त्या दिवसाचा विधि दिसतो. स्वयंपाकघरांत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलें ज्ञान दिसतें. मेक्सिको देशांतील नाताळ हें याचें चांगलें उदाहरण आहे. तेथील बहुतेक लोक रोमन कॅथलिक पंथाचे. मेरी आणि जोसेफ यांनीं निवाऱ्यासाठीं केलेल्या वणवणीची आठवण म्हणून १६ डिसेंबरपासून नऊ रात्रीं ते गाणीं म्हणत घरोघर जातात, आणि २४ डिसेंबरच्या रात्रीं सारें कुटुंब एकत्र जेवावयास बसतें. त्या पंक्तींत स्पेनच्या पद्धतीनें शिजविलेला खारवलेला कॉड मासा असतो. रोमेरितोस नांवाची कोंवळी पालेभाजी मिरच्यांच्या दाट रश्श्यांत शिजविलेली असते. पेरू, ऊंस, चिंच, दालचिनी आणि गुळासारखी कच्ची साखर घालून उकळलेलें ऊन पेयहि असतें. परंतु अनेक घरांत ज्या पदार्थावांचून ही रात्र पुरी होत नाहीं, तो पदार्थ म्हणजे तमाल. संस्कृतांतील तमालवृक्षाशीं या नांवाचा कांहीं संबंध नाहीं. अझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेंतील ‘तमल्ली’ या शब्दाचें तें स्पॅनिश रूप आहे.

तमाल म्हणजे मक्याच्या ओल्या पिठाची, आंत सारण भरलेली व पानांत गुंडाळून वाफेवर उकडलेली वडी. महाराष्ट्रांतील किंवा गोमंतकांतील गृहिणीस त्याची कल्पना येण्यास वेळ लागूं नये. हळदीच्या पानांत उकडलेली पातोळी आणि मोदकपात्रांतील मोदक तिच्या परिचयाचे आहेतच. भेद आहे तो मुख्यतः पिठांत, आणि वरवर दिसतो त्याहून तो पुष्कळ मोठा आहे.

हें पीठ कोरडे दाणे दळून करीत नाहींत. १ किलो मका घेतला, तर सुमारें ३ लिटर पाण्यांत १० ग्रॅम खाण्याचा चुना कालवितात आणि त्यांत दाणे मंद आंचेवर शिजत ठेवितात. बोटांनीं चोळतांच दाण्याची साल सुटूं लागली कीं भांडें उतरवून रात्रभर झांकून ठेवितात. सकाळीं तें पिवळट पाणी ओतून देऊन दाणे चांगले धुतात. सुटलेली साल धुण्याबरोबर निघून जाते. अशा दाण्यांस निश्तमाल म्हणतात. या शब्दाचा पूर्वार्ध राखेचा वाचक आहे. कारण चुन्याऐवजीं लांकडाची राख वापरण्याचीहि रीति होती. हे दाणे नंतर ओलेच वाटावयाचे.

या कृतीचे फायदे अनेक आहेत. साल निघते, पिठास चिकटपणा येऊन त्याचा गोळा वळतो, अन्नांत कॅल्शियमची भर पडते. परंतु सर्वांत मोठा फायदा डोळ्यांना दिसत नाहीं. मक्यांत नायासिन नांवाचें जीवनसत्त्व असतें. मात्र तें दाण्यांत अशा रीतीनें बांधलेलें असतें कीं मनुष्याच्या पचनेंद्रियांस तें बहुतांशीं सोडवून घेतां येत नाहीं. चुन्याच्या पाण्यांत शिजविल्यानें तें मोकळें होतें. ज्यांनीं ही कृति प्रथम शोधिली, त्यांना जीवनसत्त्व ही कल्पना ठाऊक नव्हती. तरी त्या प्रदेशांतील स्त्रिया आज सुमारें तीन हजार वर्षें ती निष्ठेनें करीत आल्या आहेत.

सणाच्या एकदोन दिवस आधींच घर कामास लागतें. शेंपन्नास तमाल करणें हें एकटीचें काम नव्हे. आजी, मुली, सुना, मावश्या आणि नातवंडें एका मेजाभोंवतीं बसतात, आणि या बैठकीस ‘तमालादा’ असें स्वतंत्र नांवच आहे. मक्याच्या कणसावरचीं वाळलेलीं पानें ऊन पाण्यांत भिजत घालून मऊ करावीं लागतात. दक्षिणेकडे, ओआहाका व युकातान या भागांत, केळीचीं पानें विस्तवावर शेकून घेतात. १ किलो ओल्या पिठास पाव किलोहून थोडी अधिक डुकराची चरबी, मीठ व मांसाचा कोमट रस्सा घालून तें मिश्रण हात भरून येईपर्यंत फेसावयाचें. तें साधलें कीं नाहीं याची परीक्षा सोपी आहे. पिठाची लहानशी गोळी पाण्याच्या पेल्यांत सोडावी. ती तरंगली तर फेसणें पुरें झालें, बुडाली तर पुन्हां हात चालवावा.

मग एकीनें पानावर पीठ पसरावें, दुसरीनें सारण भरावें, तिसरीनें घडी घालावी, असें काम वांटून चालतें. सारण घरोघर निराळें. कोठें सुक्या तांबड्या मिरच्यांच्या वाटणांत शिजविलेलें डुकराचें मांस, तर कोठें तोमातियो नांवाच्या हिरव्या आंबट फळाच्या रश्श्यांतील कोंबडी. मांस नको असेल तर भाजलेल्या मिरचीच्या लांब चिरफळ्या आणि चीज यांचें सारण असतें. मुलांसाठीं साखर व मनुका घालून गुलाबी रंगाचे गोड तमाल होतात. भरलेले तमाल उंच भांड्यांतील चाळणीवर, उघडें तोंड वर करून, उभे रचतात. पुष्कळ घरांत तळच्या पाण्यांत एक नाणें टाकून ठेवण्याची युक्ति आहे. पाणी उकळत आहे तोंपर्यंत नाणें खुळखुळतें. आवाज थांबला कीं पाणी आटलें असें समजून कडेनें ऊन पाणी ओतावयाचें. तासादीडतासानें पान सोडून पाहावें. पीठ पानास न चिकटतां सुटलें, कीं तमाल झाला. रागावलेलें माणूस जवळ असल्यास तमाल कच्चा राहतो, अशी एक समजूतहि आहे. तिच्यांत पाकशास्त्र नसेल, पण दाटीच्या स्वयंपाकघरांत बारा जणांचे स्वभाव संभाळण्यास ती उपयोगी पडत असावी.

हा पदार्थ नाताळपेक्षां जुना आहे. १५१९ सालीं स्पॅनिश सैन्य मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरलें. १५२१ सालीं अझ्टेकांची राजधानी पडली. त्यापूर्वीं त्या भूमीवर डुकरें नव्हतीं. अर्थात् तमालांत चरबीहि नव्हती. बेर्नार्दिनो दे साआगुन या ख्रिस्ती साधूनें सोळाव्या शतकांत स्थानिक वृद्धांकडून माहिती मिळवून जो मोठा ग्रंथ सिद्ध केला, त्यांत तमालांचे कितीतरी प्रकार नमूद आहेत. दर आठ वर्षांनीं येणाऱ्या एका उत्सवाचें वर्णनहि त्यांत आहे. त्या वेळीं लोक मीठ व मिरची वर्ज्य करून केवळ पाण्याचे साधे तमाल खात, कारण मनुष्य मक्याचे फार हाल करितो, तेव्हां त्यास विसांवा दिला पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा होती. पुढें राज्य बदललें, धर्म बदलला; तमाल मात्र नव्या धर्माच्या सणांत जाऊन बसला.

मका त्यानंतर जगभर गेला. त्याच खंडांतील मिरची सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर गोव्यास आली आणि पाहतां पाहतां भारताची झाली. मिरचीबरोबर कृति आणावयाची गरज नव्हती. मक्याबरोबर होती, आणि नेमकी तीच मागें राहिली. दर्यावर्दी लोकांनीं गलबतांतून दाणे नेले. चुन्याचें पाणी करणाऱ्या बायकांना कोणीं कांहीं विचारलें नाहीं. युरोपांत मका स्वस्त अन्न ठरला, आणि ज्या गरिबांस मक्यावांचून दुसरें फारसें मिळत नव्हतें त्यांच्यांत एक भयंकर रोग पसरला. उन्हांत उघडी राहणारी कातडी काळवंडून फाटे, जुलाब लागत, शेवटीं बुद्धि भ्रमे. स्पेनमधील आस्तुरियास प्रांतांत गास्पार कासाल या वैद्यानें १७३५ सालीं तो रोग नोंदला; इटलींत त्यास ‘पेलाग्रा’ हें नांव मिळालें. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या दक्षिण संस्थानांत हजारों लोक त्यानें दगावले. हा संसर्गजन्य रोग असावा, असें अनेक डॉक्टर धरून चालले होते. जोसेफ गोल्डबर्गर यांनीं १९१४ पासून केलेल्या प्रयोगांनीं दोष आहाराचा आहे हें दाखविलें, आणि १९३७ सालीं कॉनराड एल्व्हेजेम यांनीं नायासिन हेंच त्यावरील औषध आहे असें सिद्ध केलें. मेक्सिकोंतील गरीब शेतकरीहि मुख्यतः मक्यावरच जगत होता. परंतु चुन्याचें पाणी आणि जोडीला घेवड्याच्या बिया यांमुळें त्याच्याकडे हा रोग क्वचितच आढळे. जें शास्त्रज्ञांस प्रयोगशाळेंत शोधावें लागलें, तें तेथील चुलीवर रोज शिजत होतें.

तथापि या परंपरेचें गुणगान करतांना तिची किंमत कोणीं दिली हें विसरतां कामा नये. मेताते म्हणजे तीन पायांचा उतरता पाटा. त्याच्यापुढें गुडघे टेंकून मेक्सिकोच्या स्त्रिया पहाटेपासून कित्येक तास पीठ वाटीत. विसाव्या शतकांत गांवोगांव निश्तमालाच्या गिरण्या निघाल्या, तेव्हां कांहीं पुरुषांनीं गिरणीच्या पिठास चव नाहीं अशी तक्रार केली. स्त्रियांनीं मात्र त्या गिरण्यांचें स्वागत केलें. यांत स्त्रियांचेंच खरें होतें. आज बहुतेक शहरी घरें ओलें पीठ गिरणींतून किलोवर विकत आणतात, किंवा चुन्याची क्रिया आधींच झालेलें कारखान्याचें कोरडें पीठ पाण्यांत भिजवितात. मेताते सुटला तरी निवळी सुटली नाहीं. २०१० सालीं युनेस्कोनें मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेस मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें, त्यांतहि निश्तमालाच्या या कृतीस महत्त्व आहे.

नाताळची रात्र संपली तरी तमालांचा हंगाम संपत नाहीं. ६ जानेवारीस, तीन राजांच्या सणास, कड्याच्या आकाराचा गोड पाव कापतात. त्यांत बाळ येशूची इवलीशी बाहुली दडविलेली असते. ज्याच्या तुकड्यांत ती निघेल त्यानें २ फेब्रुवारीस, कान्देलारियाच्या दिवशीं, सर्वांस तमाल खाऊं घालावयाचे. म्हणजे पुन्हां पानें भिजावयाचीं, पुन्हां मेजाभोंवतीं माणसें जमावयाचीं, आणि गेल्या खेपेस ज्या मुलीनें केवळ घड्या घातल्या तिच्या हातीं या खेपेस पीठ यावयाचें. पाण्यावर गोळी केव्हां तरंगते, साल केव्हां सुटते, हें ती अशा रीतीनें शिकते. दाणे कोणासहि विकत घेतां येतात. परंतु त्यांचें अन्न कसें करावें हें घरांत शिकावें लागतें, आणि सणाच्या निमित्तानें तो धडा वर्षांतून एकदोनदां तरी गिरविला जातो.